इंटरनेट दूरध्वनी, राऊटर आणि लॉगिनचे बंधन : दोषशोधाच्या इतिहासाचा एक अभ्यास

१. प्रस्तावना

दूरध्वनी हे आधुनिक काळातील संपर्काचे अत्यंत परिचित साधन होय. रिसीव्हर उचलावा, डायल टोन ऐकू यावा आणि क्रमांक फिरवावा, एवढीच कृती कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हाच दूरध्वनी इंटरनेटच्या जोडणीवर चालविणारी छोटी यंत्रे प्रथम अमेरिकेत आणि पुढे इतर देशांत घराघरांत पोहोचली. त्याबरोबर एक नवी अडचण पुढे आली. यंत्रावरील दिवे लागलेले असत, शेजारच्या संगणकावर इंटरनेट सुरळीत चालत असे, तरीही रिसीव्हर कानाला लावल्यावर डायल टोन येत नसे. ज्या घरांत, वसतिगृहांत अथवा निवासी संकुलांत इंटरनेट वापरण्यापूर्वी नाव आणि पासवर्ड देणे बंधनकारक होते, तेथे ही अडचण विशेषत्वाने जाणवली.

वरकरणी हा तंत्रज्ञांचा प्रश्न वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी दोन भिन्न परंपरांचा संघर्ष आहे. वापरकर्ता कोण हे कसे ओळखावे, या प्रश्नाचे दूरध्वनीने दिलेले उत्तर आणि संगणकाने दिलेले उत्तर वेगवेगळे होते. इंटरनेट दूरध्वनीच्या राऊटरमध्ये ही दोन्ही उत्तरे प्रथमच एका छपराखाली आली. प्रस्तुत निबंधात या संघर्षाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, दोषशोधाची जी पद्धती व्यवहारात रूढ झाली, तिची प्रत्येक पायरी इतिहासातील एकेका निर्णयाकडे कशी निर्देश करते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

२. तार हीच ओळख : दूरध्वनीची परंपरा

भारतात १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्या काळी केंद्रातील ऑपरेटर हाताने जोडणी करून देत असे. १८९२ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात ला पोर्त येथे स्ट्रोजर पद्धतीचे स्वयंचलित केंद्र सुरू झाले आणि ऑपरेटरची गरज हळूहळू कमी होऊ लागली. या दोन्ही व्यवस्थांत एक गोष्ट समान होती. ग्राहकाच्या घरापासून केंद्रापर्यंत तांब्याच्या तारांची एक जोडी जात असे आणि ती जोडी केंद्रात कोणत्या ठिकाणी जोडली आहे, यावरून ग्राहक ओळखला जाई. नाव विचारण्याची किंवा परवलीचा शब्द मागण्याची आवश्यकताच नव्हती.

याच तारांतून केंद्रातील बॅटरीचा सुमारे ४८ व्होल्टचा विद्युतपुरवठा दूरध्वनीला मिळत असे. परिणामी घरातील वीज गेली तरी दूरध्वनी चालू राही. डायल टोन हा त्या अर्थाने केवळ आवाज नव्हता. तार शाबूत आहे, केंद्र जागे आहे आणि ग्राहकाची ओळख पटली आहे, या तीनही गोष्टींची ती एकत्रित ग्वाही होती.

३. नाव आणि पासवर्ड : संगणकाची परंपरा

संगणकाची परंपरा याहून वेगळी होती. १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली सीटीएसएस ही कालविभाजन पद्धतीची प्रणाली प्रथम दाखविण्यात आली. एकच महागडा संगणक अनेकांनी वापरावयाचा असल्याने प्रत्येकाची कागदपत्रे आणि वापराचा वेळ वेगळा राखणे आवश्यक होते. या गरजेतून संगणकावर नाव आणि पासवर्ड देण्याची प्रथा रुजली. येथे ओळख तारेशी निगडित नव्हती. टर्मिनलसमोर बसलेल्या माणसाशी निगडित होती.

१९९० च्या दशकात मोडेमद्वारे इंटरनेट सेवा सुरू झाली, तेव्हा ही प्रथा जशीच्या तशी घरांत आली. जुलै १९९४ मध्ये प्रमाणित झालेला पीपीपी प्रोटोकॉल आणि जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला रेडियस प्रोटोकॉल यांनी दूरस्थ ग्राहकाचे नाव तपासण्याची व त्याच्या वापराचा हिशोब ठेवण्याची सोय केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेल्या पीपीपीओई पद्धतीने हीच तपासणी ब्रॉडबँड जोडणीवरही शक्य झाली. या साऱ्या रचनेमागे एक गृहीत होते : लॉगिन करणारा माणूस उपस्थित आहे आणि त्याच्यासमोर पडदा व कळफलक आहे.

४. पॅकेटमधून आवाज : १९७४ ते २००२

संगणकाच्या नेटवर्कवरून आवाज पाठविण्याची कल्पना इंटरनेटच्या सार्वत्रिक प्रसाराआधीची आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये आर्पानेटवर कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स येथील केंद्रांदरम्यान डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅकेटच्या रूपातील संभाषणाचा प्रयोग केला. त्याचा प्रोटोकॉल नोव्हेंबर १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य ग्राहकासाठी मात्र ही सोय होण्यास १९९५ साल उजाडले. त्या वर्षी व्होकलटेक या इस्रायली कंपनीचे ‘इंटरनेट फोन’ हे सॉफ्टवेअर बाजारात आले. त्यासाठी संगणक, ध्वनिक्षेपक आणि मायक्रोफोन लागत असे. म्हणजेच माणूस, पडदा आणि कळफलक अद्याप उपस्थित होते.

यानंतर प्रमाणीकरणाचा टप्पा आला. आवाजाची पॅकेटे वाहून नेणारा आरटीपी प्रोटोकॉल जानेवारी १९९६ मध्ये, तर कॉल जोडून देणारा सिप प्रोटोकॉल मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सिपची सुधारित आवृत्ती जून २००२ मध्ये आली. त्याच सुमारास साधा दूरध्वनी संच इंटरनेटला जोडणारे अडॅप्टर उपलब्ध झाले आणि २००२ पासून अमेरिकेत व्होनेजसारख्या कंपन्यांनी घरगुती सेवा सुरू केली. लवकरच अडॅप्टर आणि राऊटर एकाच पेटीत येऊ लागले. या पेटीने संगणकाची मध्यस्थी संपविली. ग्राहकाला पुन्हा जुना रिसीव्हर आणि जुना डायल टोन मिळाला. परंतु या पेटीला पडदा नव्हता, कळफलक नव्हता आणि ब्राउझरही नव्हता.

५. दारावरचा पहारा

नेमक्या याच काळात नेटवर्कच्या दारावरचा पहारा वाढत होता. अमेरिकेतील विद्यापीठांनी वसतिगृहांच्या प्रत्येक खोलीत इंटरनेटची जोडणी दिली होती. कोणत्या जोडणीमागे कोणता विद्यार्थी आहे हे कळावे, यासाठी नोंदणीच्या प्रणाली तयार करण्यात आल्या. टेक्सासमधील साउथवेस्टर्न विद्यापीठात तयार झालेली ‘नेटरेज’ ही त्यांपैकी एक प्रसिद्ध प्रणाली होय. अनोळखी यंत्र जोडले की त्याला तात्पुरता पत्ता द्यावयाचा, ब्राउझर उघडताच नोंदणीचे पान दाखवावयाचे आणि नोंदणी झाल्यावर त्या यंत्राचा मॅक पत्ता यादीत घ्यावयाचा, असा तिचा क्रम होता. मॅक पत्ता म्हणजे यंत्राच्या नेटवर्क जोडणीस उत्पादकाने दिलेला ४८ बिटांचा क्रमांक. २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या ८०२.१एक्स पद्धतीने ही तपासणी भिंतीतील जोडणीच्या पातळीवरच आणली.

अशा रीतीने इंटरनेट दूरध्वनीस दोन ठिकाणी ओळख द्यावी लागू लागली. पहिली ओळख नेटवर्कच्या दारावर, दुसरी दूरध्वनी कंपनीच्या सिप सर्व्हरवर. दुसऱ्या ओळखीची माहिती कंपनीने पेटीत आधीच भरून दिलेली असे. पहिली ओळख देण्याचे कोणतेही साधन मात्र त्या पेटीपाशी नव्हते. कंपनी आपल्या बाजूने निर्दोष, नेटवर्कचा व्यवस्थापक आपल्या बाजूने निर्दोष आणि ग्राहकाचा दूरध्वनी मात्र मुका, अशी स्थिती निर्माण झाली.

६. दोषशोधाची रूढ पद्धती

या अडचणीवर व्यवहारातून एक पद्धती तयार झाली. तिचा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल.

अ) जोडणीचा क्रम : पेटी एकटी भिंतीतील जोडणीस लावल्यास तिला डीएचसीपी पद्धतीने पत्ता मिळे आणि दिवाही लागे. त्यामुळे जोडणी झाल्याचा समज होई. प्रत्यक्षात लॉगिन झालेले नसल्याने सिपची पॅकेटे दारावरच अडविली जात. उपाय असा की, पेटी भिंतीतील जोडणीस लावावी, संगणक पेटीच्या मागे जोडावा आणि संगणकावरील ब्राउझरमधून लॉगिन करावे. राऊटर घरातील सर्व यंत्रांना एकाच बाह्य पत्त्यामागे ठेवीत असल्याने पहारेकऱ्यास लॉगिन करणारे यंत्र म्हणून राऊटरच दिसे. संगणकाच्या लॉगिनबरोबर दूरध्वनीसही वाट मिळे.

आ) पेटी पुन्हा सुरू करणे : काही प्रणाली लॉगिनपूर्वी प्रत्येक नावाच्या चौकशीस स्वतःच्या सर्व्हरचाच पत्ता देत. अशा वेळी पेटी सिप सर्व्हर समजून लॉगिनच्या सर्व्हरकडे विनंत्या पाठवीत राही. क्वचित कंपनीकडून आपली माहिती मागविताना पेटीस माहितीऐवजी लॉगिनचे पान मिळे व ते तिला वाचता येत नसे. म्हणून लॉगिननंतर पेटी बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिला जाई. हा सल्ला अनेकांना अडाणीपणाचा वाटे, परंतु त्यास असा तांत्रिक आधार होता.

इ) मॅक पत्त्याची प्रतिकृती : जेथे संगणकाचा मॅक पत्ता आधीच नोंदविलेला असे, तेथे नवी पेटी अनोळखी ठरे. लिंक्सिस आणि इतर उत्पादकांच्या घरगुती राऊटरमध्ये संगणकाचा मॅक पत्ता राऊटरवर उतरवून घेण्याची सोय होती. तिने प्रश्न सुटत असे. तथापि अनेक संस्थांच्या नियमांनुसार खाजगी राऊटर लावण्यासच मनाई होती. अशा ठिकाणी व्यवस्थापकाकडे पेटीचा मॅक पत्ता लेखी कळवून नोंद करून घेणे हाच उचित मार्ग होता.

ई) लॉगिनची जागा बदलणे : पीपीपीओई जोडणीत नाव आणि पासवर्ड संगणकाऐवजी राऊटरमध्येच भरता येत. या एका बदलाने माणसाची उपस्थिती अनावश्यक ठरली. वीज जाऊन आली तरी राऊटर स्वतः लॉगिन करी. ब्राउझरच्या पानावरील लॉगिनमध्ये ही सोय नव्हती. ठराविक मुदतीनंतर लॉगिन संपुष्टात येई आणि रात्री चालू असलेला दूरध्वनी सकाळी बंद पडलेला आढळे.

या चारही पायऱ्यांत दूरध्वनीच्या दुरुस्तीचा भाग जवळजवळ नाही. प्रत्येक पायरी पहारेकऱ्यास यंत्राची ओळख कशी पटवावी, याच प्रश्नाशी संबंधित आहे.

७. एकतर्फी आवाजाचा प्रश्न

लॉगिनचा अडसर दूर झाल्यावरही एक तक्रार उरत असे. पलीकडच्या माणसाला आवाज जाई, परंतु त्याचा आवाज इकडे येत नसे. याचे मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. १९८१ मध्ये निश्चित झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलमध्ये ३२ बिटांचे पत्ते असून त्यांची कमाल संख्या सुमारे ४२९ कोटी होते. हे पत्ते अपुरे पडतील हे लक्षात आल्यावर मे १९९४ मध्ये नॅट ही पत्ता-रूपांतराची पद्धती मांडली गेली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये खाजगी पत्त्यांची व्यवस्था निश्चित झाली. घरातील यंत्रांना खाजगी पत्ते आणि बाहेर एकच सार्वजनिक पत्ता, अशी ही तडजोड होती.

सिप प्रोटोकॉल मात्र आवाज कोणत्या पत्त्यावर पाठवावा हे संदेशाच्या आतील मजकुरात लिहितो. नॅट पाकिटावरील पत्ता बदलते, आतील पत्रातला पत्ता तसाच राहतो. त्यामुळे पलीकडचे यंत्र बाहेरून न पोहोचता येणाऱ्या खाजगी पत्त्यावर आवाज पाठवीत राही. लॉगिन नियंत्रित करणाऱ्या संस्थेचे एक नॅट आणि घरातील राऊटरचे दुसरे नॅट, असे दुहेरी रूपांतर झाल्यास गुंतागुंत अधिकच वाढे. यावर मार्च २००३ मध्ये स्टन ही पद्धती आली. तिच्या साहाय्याने यंत्र बाहेरच्या सर्व्हरला ‘माझा पत्ता तुला कोणता दिसतो?’ असे विचारू शकते. पुढे एप्रिल २०१० मध्ये टर्न आणि आइस या अधिक भरवशाच्या पद्धती प्रमाणित झाल्या. काही राऊटर सिपच्या मजकुरातील पत्ता स्वतःच दुरुस्त करण्याचा प्रयत्न करीत. ही दुरुस्ती सदोष असल्यास ती सोय बंद करणे हाच उपाय ठरे.

येणारे कॉल न लागण्याचे कारणही येथेच सापडते. पेटी सर्व्हरकडे पुष्कळदा ३६०० सेकंदांनी नोंदणीचे नूतनीकरण करी. परंतु नॅटची नोंद त्याआधीच पुसली जाई. जानेवारी २००७ मधील शिफारशीनुसार ही नोंद किमान दोन मिनिटे राखणे अपेक्षित आहे. म्हणून अल्प अंतराने एखादे रिकामे पॅकेट पाठवून वाट उघडी ठेवण्याची प्रथा पडली.

८. भारतीय संदर्भ

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणात इंटरनेट दूरध्वनीस परवानगी नव्हती. १ एप्रिल २००२ पासून ती मर्यादित स्वरूपात मिळाली. भारतातील इंटरनेट जोडणीवरून परदेशातील दूरध्वनीवर बोलता येई. भारतातीलच सामान्य दूरध्वनीवर मात्र कॉल करता येत नसे. अमेरिकेतील मराठी विद्यार्थी वा अभियंता आपल्या खोलीतील इंटरनेट दूरध्वनीवरून सातारा वा सोलापूर येथील घरी कॉल करू शकत होता. पुण्यातील व्यक्तीस तशाच यंत्रावरून त्याच घरी कॉल करण्याची मुभा नव्हती. १९ जून २०१८ च्या परवाना-दुरुस्तीनंतर हे बंधन शिथिल झाले.

लॉगिनच्या बंधनास भारतात सुरक्षेचाही संदर्भ लाभला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथील बॉम्बस्फोटांच्या सुमारास पाठविण्यात आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील एका असुरक्षित वाय-फाय जोडणीपर्यंत पोहोचला. या घटनेनंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरकर्त्यांच्या ओळख-तपासणीबाबत सूचना दिल्या. यावरून असे दिसते की, पहारा हा केवळ कंपन्यांच्या हिशोबासाठी नव्हता. जोडणीमागे कोण आहे हे जाणण्यात समाजाचेही हित गुंतलेले होते. म्हणून लॉगिनचे बंधन अनाठायी होते, असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही.

९. काय पणाला लागले होते?

डायल टोन नसणे ही केवळ गैरसोय नव्हती. जुन्या दूरध्वनीत तार हीच ओळख असल्याने संकटकाळी केलेल्या कॉलचे ठिकाण तारेवरून निश्चित होत असे. इंटरनेट दूरध्वनीची पेटी कोणत्याही गावी नेता येई आणि तिचा क्रमांक तोच राही. परिणामी अमेरिकेत ९११ या आपत्कालीन क्रमांकावर केलेले कॉल योग्य केंद्राकडे न पोहोचण्याचे गंभीर प्रकार घडले. मे २००५ मध्ये तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने सामान्य दूरध्वनीशी जोडलेल्या इंटरनेट दूरध्वनी कंपन्यांना ९११ ची सेवा देणे आणि ग्राहकाच्या ठिकाणाची नोंद घेणे बंधनकारक केले. परंतु घरातील वीज गेली किंवा लॉगिनची मुदत संपली, तर कोणत्याही आदेशाने तो कॉल लागणार नव्हता. शंभर वर्षांत तारेने जी हमी न मागता दिली होती, ती आता ग्राहकाने स्वतः जपावयाची होती.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) लॉगिन-नियंत्रित नेटवर्कवरील इंटरनेट दूरध्वनीचा दोष बहुधा यंत्रात नसून, तारेवर आधारित ओळख आणि माणसावर आधारित ओळख या दोन परंपरांच्या संधिस्थानी होता.

२) दोषशोधाच्या रूढ पायऱ्या या ऐतिहासिक निर्णयांच्या थरांशी जुळतात. लॉगिनमागे कालविभाजन प्रणाली, एकतर्फी आवाजामागे पत्त्यांची टंचाई, तर मॅक पत्त्याच्या नोंदणीमागे वसतिगृहांची गरज आहे.

३) प्रश्न सर्वांत समाधानकारक रीतीने तेथे सुटला, जेथे ओळख देण्याचे काम माणसाकडून राऊटरकडे सोपविले गेले.

४) २०१५ नंतर स्मार्टफोनवरील व्हॉट्सअॅपसारख्या अॅपमधून बोलणे सर्रास झाले. तेथे दूरध्वनी आणि ब्राउझर एकाच यंत्रात असल्याने लॉगिनचा विरोध बराच मिटला. सप्टेंबर २०२० मधील नव्या प्रमाणांमुळे आपण लॉगिनच्या दारात अडकलो आहोत हे यंत्राला आरंभीच कळू शकते. मात्र लॉगिन पूर्ण करण्यास पुष्कळदा माणूसच लागतो.

पडदा नसलेली यंत्रे आजही वाढत आहेत. घरातील कॅमेरे, दारावरच्या घंटा, वसतिगृहातील स्मार्ट स्पीकर आणि प्रयोगशाळेतील मापनयंत्रे यांना तोच पहारा ओलांडावा लागतो. महाविद्यालयीन परिसरात नेटवर्कची नियमावली तयार करताना बोलू न शकणाऱ्या यंत्रांची नोंदणी कोणी, कशी आणि किती मुदतीसाठी करावयाची, याची स्पष्ट तरतूद असणे आवश्यक आहे. विशेषतः वसतिगृहात संकटकाळी लागणारा एक तरी दूरध्वनी लॉगिनवर आणि घरगुती विजेवर अवलंबून नसावा, हा या इतिहासाचा व्यावहारिक बोध म्हणता येईल.